कान तुटलेली बरणी

ज्याने आयुष्यात एक भाकरही थापली नाही, त्याने स्वयंपाकघर लावण्याच्या भानगडीत पडू नये, असा एखादा कायदा हवा होता. तो नसल्यामुळे माझ्या हातून हा गुन्हा घडला, आणि आता निदान कबुलीजबाब द्यावा म्हणून लिहायला बसलो आहे.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही अचलपुरात, दुल्हा दरवाजाच्या आत, एक जुने घर घेतले. आमचे गाव घराण्याने मोठे. १४९० मध्ये इमादशाही उभी राहिली तेव्हा हे वऱ्हाडच्या राजधानीचे ठिकाण. १५७४ मध्ये अहमदनगरकरांनी ती शाही गिळली, आणि पुढे किती धनी आले नि गेले. पडक्या वेशी, हौज कटोरा आणि जुन्या भिंती एवढे मात्र राहिले. त्या भिंतींपैकी एक आमच्या स्वयंपाकघराच्या वाट्याला आली होती. दोन हात जाड, पांढऱ्या मातीची, आणि तिच्यात चार कोनाडे. दुसरा कोणी असता तर त्या कोनाड्यांवर खूश झाला असता. मी ते बुजवले.

याला कारण माझे वाचन. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. त्या शिदोरीवर एका लहानशा शाळेत मास्तरकी करतो, चार कादंबऱ्याही लिहिल्या आहेत; पण शिकणे अर्धवट राहिलेल्या माणसाला छापील अक्षराचा जो धाक असतो, तो अजून सुटलेला नाही. कुठेशी मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन बाईची हकीकत वाचली. १९२६ साली तिने जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरातल्या नव्या चाळींसाठी एक स्वयंपाकघर आखले. जेमतेम दोन मीटर रुंद, साडेतीन मीटरही लांब नाही. घड्याळ लावून कामे मोजली, पावले वाचवली, हाताशी येतील असे ॲल्युमिनियमचे खण केले आणि कशात काय ते त्यांच्यावर लिहून ठेवले. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कारण त्या लाकडाने पिठात अळी होत नाही. आपल्याकडे ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालतात आणि डाळीला एरंडेल चोळतात, त्याच जातीची ही अक्कल. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तिथे बांधली गेली. आणि गंमत अशी, की ही बाई म्हातारपणी सांगायची, हे सारे आखण्यापूर्वी आपण कधी स्वयंपाक केलाच नव्हता! हे वाक्य वाचून मला जो धीर आला तो काही विचारू नका.

परतवाड्याहून सागवानी फळ्या आणल्या. मेळघाटचे सागवान आमच्या दाराशी, तेव्हा त्यात कंजुषी कशाला? गवंड्याला सांगून ओटा बांधून घेतला, त्यावर फळ्यांच्या तीन ओळी मारल्या, आणि एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या चोवीस बरण्या विकत आणल्या. त्यांवर माझ्या फळ्यावरच्या वळणदार अक्षरांत चिठ्ठ्या डकवल्या. मीठ, पिठीसाखर, बेसन, धने, जवस. सौभाग्यवतीने हे सारे दारात उभे राहून पाहिले आणि "छान दिसतंय," एवढेच म्हटले. बायकोच्या "छान दिसतंय"चे किती अर्थ होतात हे कादंबरीकाराला कळायला हवे होते.

पावसाळ्याच्या तोंडाला आईला आणले. वडील गेल्यावरही तीन वर्षे ती दर्यापूरकडच्या आमच्या खेड्यात एकटीच राहिली होती. पण धाब्याचे घर दोन ठिकाणी खचले, तेव्हा मी हट्टच धरला. तिने दोन पोती सामान बरोबर घेतले. मी म्हटले, "आई, तिकडं सारं नवीन आहे, हे जुनं कशाला?" ती काही बोलली नाही. पोती आली आणि माळ्यावर गेली.

आमचा दर्यापूरचा भाग म्हणजे खारपाणपट्टा. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा असा हा पट्टा पसरलेला आहे. जमीन काळीभोर, कापसाला चांगली, पण विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्या पाण्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी तिचा दाणा दाणा वेगळाच. शहानूर धरणाचे पाणी नळाने गावोगाव पोचले ते पुष्कळ पुढे. माझ्या लहानपणी गोडे पाणी म्हणजे तुपाच्या खालोखाल जिन्नस. त्यामुळे आईच्या स्वयंपाकघराची मांडणी चुलीपासून सुरू होत नसे, ती पाण्यापासून सुरू होई. आधी पाण्याची जागा ठरायची: पिण्याचा गुंड, डाळीचा गंज, वापराची घागर. मग उरलेल्या जागेत चूल, पऱ्हाटीचा भारा, पाटा-वरवंटा. हे सारे मी डोळ्यांनी पाहिलेले. तरी फ्रँकफुर्टच्या बाईने मला जे पटवले ते आईला पटवता आले नाही, कारण मी तिला कधी विचारलेच नाही.

इथे आल्यावर ती रोज पहाटे उठून घरातले प्रत्येक भांडे नळाच्या पाण्याने भरून ठेवू लागली. पातेली, तांबे, डबेसुद्धा. बायकोला कणीक मळायला परात मिळेना. मी मास्तरी आवाजात समजावले, की इथे सातपुड्याचा पायथा आहे, पाणी गोड आहे, नळ आहे. आई ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरायची. "राहू द्या हो," बायको म्हणे, "पाणीच तर आहे."

मग तो रविवार आला. माझे दोन सहकारी जेवायला येणार होते. बायकोला नेमका ताप भरला होता. आई म्हणाली, "मी करतो न पाटोड्यांचा रस्सा." आमच्या वऱ्हाडात पाटवड्यांचा रस्सा म्हणजे पाहुण्याचा मान. तिचा हात त्यात असा बसलेला, की गावी लग्नघरचे लोक तिला बोलवायला येत. पाहुणे जेवायला बसले. मी पहिला घास घेतला आणि समोर पाहिले. दोघेही मान खाली घालून जेवत होते. रस्सा गोड होता. थोडाथोडका नव्हे, मूठभर पिठीसाखर पडलेली. दोघे भले लोक, पुन्हा मागून घेण्याइतके भले. हसून, सुपारी खाऊन गेले. मीही काही बोललो नाही. वाटले, झाकून गेले.

पण आमच्याकडे बायका मागून जेवतात. आई आपले ताट घेऊन बसली, भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, आणि तशीच थांबली. मग उठून तिने त्या फळीवरच्या दोन बरण्या काढल्या, दोन्ही हातांत धरल्या. सारख्या बरण्या, सारखी झाकणे, आत पांढरे ते पांढरे. चिठ्ठ्या माझ्या अक्षरात.

"मले वाचता येत नाही, हे तुले मालूम व्हतं ना रे बापू?" ती म्हणाली.

मी चोवीस वर्षे लोकांच्या मुलांना मुळाक्षरे शिकवीत आलो आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. आईने ताट झाकून ठेवले. रात्री म्हणाली, "मले गावी नेऊन सोड. तिथं अंधारातही सापडते मले."

गावी घर कुठे होते? हे तिलाही ठाऊक होते. त्यानंतर तिने स्वयंपाकघरात पाऊल टाकणे सोडले. पहाटेचे पाणी भरणेही बंद झाले. परात आता वेळेवर मिळू लागली, आणि घरात सगळ्यांना ती नकोशी झाली.

दसऱ्याआधी घर काढायची वेळ आली. एका दुपारी शाळेतून परतलो तो अंगणात ती दोन पोती उघडी पडलेली. बायकोनेच माळ्यावरून उतरवली होती. पितळी डबे, काळा पडलेला गंज, तांब्याचा गुंड, पोचा आलेला तिखटाचा डबा, आणि मिठाची चिनी मातीची बरणी. तिचा एक कान माझ्याच हातून, मी पाच-सहा वर्षांचा असताना तुटलेला. तेव्हाचा मारही आठवला. बायको चिंच लावून घासत होती, आई पाटावर बसून पुसत होती.

"कोठी ठेवू, आई?" बायकोने विचारले.

मला वाटले, आता आई आपली सारी जुनी मांडणी सांगणार. पण ती म्हणाली, "मले काय विचारतं वं? तुले कोठी सोपं पडते ते सांग आधी."

बायको जरा गप्प राहिली. मग म्हणाली, "खरं सांगू? ती वरची फळी मला गाठतच नाही. आणि ओटाही उंच झालाय. रोज पाटावर उभी राहून पोळ्या लाटते."

ओटा गवंड्याने माझ्या कमरेला माप लावून बांधला होता. माझी उंची पावणेसहा फूट, तिची पाच फुटांना दोन बोटे कमी. चार महिने ती पाटावर उभी राहत होती आणि तो पाट मी दोनदा "हा मध्ये कशाला" म्हणून पायाने सरकवला होता. ते आठवल्यावर मी तिथून निघून ओसरीवर जाऊन बसलो. कोणी अडवले नाही.

संध्याकाळपर्यंत वरच्या दोन ओळी उतरल्या. बुजवलेल्या कोनाड्यांपैकी दोन आईने सळईने ठोकून पुन्हा मोकळे करवले. एकात तिची माहेरची अन्नपूर्णा बसली, दुसऱ्यात मिसळणीचा डबा. खिडकीखाली तिवईवर गुंड आला, पाण्याने भरलेला. पाटा-वरवंटा कोपऱ्यात जमिनीवर आला, म्हणजे आईला बसून वाटता येते. पोळ्या लाटायला खालीच चौरंग मांडला. माझ्या चोवीस बरण्यांपैकी अकरा कामाला लागल्या. त्यांतल्या प्रत्येकीच्या गळ्यात काही ना काही खूण आहे. धन्यांना लाल चिंधी, साखरेला काळा दोरा, बेसनाला काही नाही. का नाही, ते मला सांगण्यात आले नाही. माझ्या चिठ्ठ्या पाण्यात भिजवून काढल्या गेल्या.

स्वयंपाकघर पूर्वीइतके देखणे राहिले नाही. एका भिंतीवर खिळ्यांची भोके तशीच आहेत.

परवा रात्री जागून कादंबरीचे एक प्रकरण लिहीत होतो. चहाची तलफ आली. दिवे गेलेले. अंधारात स्वयंपाकघरात शिरलो, चाचपडत एकेक झाकण उघडायचे आणि बोट चाटून पाहायचे. धने, मग बेसन, मग पुन्हा धने. एक तांब्या लवंडला.

पलीकडच्या खोलीतून आईचा आवाज आला, "साखर पाह्यजे का रे? कान तुटेल बरणीच्या मांगं पाह्य. उजव्या हाताले."