दाताचं कलम

बार रूमचं कपाट आवरायला काढलं होतं. स्टँप व्हेंडरच्या टेबलाशेजारी रद्दीवाला काटा लावून बसला होता आणि त्याच्यापुढे भारतीय दंड संहितेच्या जुन्या प्रतींचा ढीग होता. 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली. जुन्या खटल्यांना अजून आयपीसीच लागते, पण इतक्या प्रती कोण सांभाळणार? ढिगातून डांबरगोळ्यांचा वास आला. मी वरची प्रत उचलली आणि बोटांनी आपसूक कलम 320 काढलं. गंभीर दुखापतीचे आठ प्रकार. त्यातला सातवा : हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं.

मला अक्का आठवल्या. त्या कलमाशी मला नेहमी अक्काच आठवतात.

आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत त्या राहायच्या. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते. एका सकाळी त्या सार्वजनिक नळावर वाकून चूळ भरत होत्या आणि मोरीतलं पाणी लाल होत होतं. त्यांनी तळहात उघडून माझ्या आईला काहीतरी दाखवलं. समोरचा वरचा दात होता, मुळासकट नाही, अर्धा. माझे वडील त्यांना सायकलवर बसवून आधी दवाखान्यात आणि मग चौकीत घेऊन गेले. दुपारी परत आले तेव्हा अक्का खाली मान घालून आत गेल्या आणि वडील आईला म्हणाले, “साधी दुखापत म्हणे. एन.सी. घेतलीय.” दाखल्यावर डॉक्टरांनी इंग्रजीत एकच शब्द लिहिला होता, ‘सिंपल’. नवऱ्याकडून होणाऱ्या छळाविरुद्धचं 498-अ कलम 1983 साली आलं. ते यायला तेव्हा अजून अवकाश होता.

पुढे पुण्याला लॉ करताना सरांनी 319 आणि 320 एकाच तासात घेतली. शरीराला वेदना, रोग किंवा अशक्तपणा आणला की ती ‘हर्ट’. तेच दुखणं आठांपैकी एका प्रकारात बसलं की ‘ग्रीव्हस हर्ट’. सर प्रकार वाचत गेले. डोळा, कान, अवयव, चेहरा. सातव्यापाशी आल्यावर मी पेन खाली ठेवलं. दात कायद्यात होता. वडील त्यांना सायकलवर घेऊन गेले त्या दिवशीही होता.

घरगुती इंग्रजीत हर्ट, इंज्युरी, हार्म हे शब्द एकमेकांच्या जागी सहज चालतात. कोर्टात नाही चालत. कलम 44 प्रमाणे ‘इंज्युरी’ म्हणजे कुणाच्या शरीराला, मनाला, अब्रूला किंवा मालमत्तेला बेकायदा पोचवलेली कोणतीही इजा. रक्ताचा थेंबही न सांडता ती होऊ शकते. ‘हर्ट’ मात्र देहालाच लागते. साध्या दुखापतीला 323 खाली फार तर एक वर्ष, गंभीरला 325 खाली सात वर्षांपर्यंत. शिक्षेतला हा फरक मोठा आहेच, पण मला टोचतो तो दुसरा. 323 अदखलपात्र (एन.सी.) आहे, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. 325 दखलपात्र आहे. दाखल्यावरच्या एका शब्दावर ठरतं की पोलीस घरापर्यंत येणार की कागद चौकीतच राहणार.

हे शब्द इतके तोलून बसवले ते मेकॉलेने. त्याच्याबद्दल माझं मन कधी एका जागी ठरत नाही. 1835 च्या त्याच्या शिक्षणविषयक टिपणात आपल्या ग्रंथांबद्दल जो तुच्छभाव आहे, तो मी विसरू शकत नाही. आणि तोच माणूस कलकत्त्यात, कायदा आयोगातले सहकारी आजारी पडत असताना, चोरी आणि जबरी चोरी यांच्यातली रेघ आखत बसला. दंड संहितेचा मसुदा 1837 मध्ये तयार झाला आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ पडून राहिला. तो मंजूर झाला ऑक्टोबर 1860 मध्ये. मेकॉले त्याआधीच, डिसेंबर 1859 मध्ये वारला होता.

त्याच्या संहितेतली सगळ्यांत अवघड जोडी सदोष मनुष्यवध आणि खून. कलम 299 आणि 300. ती समजून घ्यायला आजही मुंबई हायकोर्टाचा 1876 चा गोविंदा खटला शिकवतात. दोन न्यायमूर्तींचं जमेना म्हणून प्रकरण मेल्विल यांच्याकडे गेलं. त्यांनी दोन्ही कलमं समोरासमोर मांडली आणि फरकाचे शब्द अधोरेखित केले. एकीकडे मृत्यू येण्याचा संभव असलेली इजा, दुसरीकडे निसर्गक्रमानुसार मृत्यूला पुरेशी असलेली इजा. संभव आणि पुरेसं. परीक्षेत हे लिहून मी चांगले गुण मिळवले.

पण त्या खटल्यातला आरोपी अठरा वर्षांचा होता आणि मेलेली मुलगी, त्याची बायको, पंधरा वर्षांची. त्याने तिला पाडलं, छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर ठोसे मारले. एक डाव्या डोळ्यावर बसला. कवटी फुटली नव्हती, आत मेंदूवर रक्तस्राव झाला होता. मेल्विल म्हणाले, अशा ठोशाने मरण संभवतं, पण सर्वसाधारणपणे तो मरणाला पुरेसा नाही. खुनाचा दोष उतरला, सदोष मनुष्यवधाचा राहिला. निकालातला तर्क चोख आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण आमच्या पाठ्यपुस्तकांशी आहे. गोविंदाचं नाव कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतं. जो उतारा आम्हाला दिला त्यात तिचं नाव नव्हतं. आमच्या वर्गात कुणी विचारलंही नाही. मी मात्र ते कलम वाचताना त्या पोरीला अक्कांचा चेहरा देते, अक्कांना फारशा न शोभणाऱ्या वयाचा.

अक्का पुढे बरीच वर्षं जगल्या. नवऱ्याच्या मागेही. त्यांना पेरू फार आवडायचा आणि तो दाताने तोडता येत नसे. विळीवर कागदासारख्या पातळ फोडी करून, तिखटमीठ लावून, त्या बाजूच्या दाढेने सावकाश खायच्या. त्यातल्या चार फोडी माझ्या हातावर यायच्या. मी वकील झाल्यावर पेढे घेऊन गेले तेव्हा त्या मोकळं हसल्या, तोंडावर पदर न घेता. तेवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी तो अर्धा दात नीट पाहिला. कलम 320 मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते कळून त्या वेळी काय मिळणार होतं?

नव्या संहितेत गंभीर दुखापत कलम 116 मध्ये गेली. वीस दिवसांच्या तीव्र वेदनेची अट पंधरावर आली, हे चांगलं झालं. दात आहे तिथेच आहे. मारहाणीची तक्रार घेऊन बाई आली की मी आधी तिचं तोंड उघडून बघते, कारण दाखला देणारे बहुतेकदा सुजलेला ओठ लिहितात आणि थांबतात. हललेला दात ‘निखळलेला’ धरायचा की नाही, यावर समोरच्या वकिलाशी झुंजावं लागतं.

परवाच्या मुलीच्या दाखल्यावर ‘सिंपल’च होतं. तिला घेऊन दंतवैद्याकडे गेले. एक्स-रेमध्ये सुळ्याच्या मुळाशी तडा स्पष्ट दिसतो आहे. पुरवणी दाखल्यासाठी अर्ज दिला आहे. तो हातात आला की तपासी अंमलदाराकडून गंभीर दुखापतीच्या शिक्षेचं कलम 117 वाढवून घ्यायचं आहे.