मोजलेली पावले

डाव्या गुडघ्यातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी मांडीच्या मागील स्नायूची कंडरा बसवण्यात आली, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात मुलीने माझ्या मनगटावर पावले मोजणारा पट्टा बांधला. "बाबा, आता तुम्हाला खोटं बोलता येणार नाही," ती म्हणाली. आयुष्यभर कविता शिकवलेल्या माणसाला हे बोचले. पण ते गैरलागू नव्हते. 'आज चाललात का?' या प्रश्नाला 'हो' म्हणण्याची मला सवय लागली होती.

खोटे बोलण्यात पट्टाही मागे नव्हता. हा पट्टा पाऊल ओळखतो ते हाताच्या हेलकाव्यावरून. कुबडीवर हात रोवून अंगणात घातलेल्या फेऱ्या त्याच्या हिशेबी फारशा येत नसत; याउलट खुर्चीत बसून हातवारे करीत एखाद्या मित्राशी वाद घातला, की पावले वाढत.

कुबडी सुटली आणि मला आकड्याचा नाद लागला. रोज १०,००० पावले! हे उद्दिष्ट १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीस आलेल्या एका पदमापकाच्या नावातून रूढ झाले, हे मला ठाऊक होते. तरी संध्याकाळी आकडा अपुरा दिसला की मी पुन्हा बाहेर पडे. आठव्या आठवड्यात गुडघा सुजला.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी समजावले, की नव्या कंडरेत रक्तपुरवठा हळूहळू रुजतो आणि वेदना ओसरल्यानंतरच्या काही आठवड्यांत ती उलट अधिक दुबळी असते. म्हणजे 'बरं वाटतं' ही माझी साक्षही विश्वासार्ह नव्हती. गुडघा पूर्ण सरळ होतो का, सूज किती, मांडीत बळ किती, हे त्या हाताने तपासत. पट्ट्याला यातले काहीच कळत नाही. मात्र त्यांनी पट्ट्यातील नोंदी मागवून घेतल्या. पावले एकाएकी वाढलेल्या प्रत्येक दिवसानंतर सूज आल्याचे दिसले. जो आकडा मी रोज पाहत होतो, तो मी वाचला मात्र नव्हता.

इचलकरंजीत राहून हे कळायला इतका वेळ लागावा, याची मला लाज वाटली. आमच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट असतो. विणकराची मजुरी पिकांवर, म्हणजे कापडात पडणाऱ्या आडव्या धाग्यांवर ठरते; तेव्हा मोजणीचे महत्त्व त्याला कोणी शिकवायला नको. शेजारचे विणकर मामा मला पाहायला आले, तेव्हा पट्टा निरखून म्हणाले, "सर, पगार पिकावर मिळतो, खरं कापड हाताला कळतंय. आम्हाला दोन्ही बघावं लागतंय."

साहित्याच्या वर्गात मी वर्षानुवर्षे सांगत आलो, की निवेदकाच्या शब्दावर सरसकट विश्वास ठेवू नये आणि त्याला सरसकट खोटेही ठरवू नये. स्वतःच्या देहाबाबत मात्र मी कधी भावनेला, तर कधी आकड्याला अंतिम निवेदक मानून मोकळा झालो.

आता नऊ महिने होत आले. जिना उतरताना माझा हात अजून कठड्यावर जातो. रात्री मुलीचा फोन येतो, तेव्हा मी तिला सगळे सांगतो: ४,२०० पावले झाली, सूज नाही, उतरताना भीती वाटली.