मुठीत मावणारी सॅक

आमच्या मातोश्रींच्या पर्समध्ये एक घडीची पिशवी असते. नायलॉनची, स्वतःच्याच छोट्या पाकिटात कोंबून वर टिचबटण लावायची. तुळशीबागेतली. तुमच्याही आईकडे असणारच. मंडईत जाताना, लग्नाला, अगदी डॉक्टरकडे जातानाही ती सोबत हवीच. ‘ऐन वेळी काय लागेल, सांगता येतं का?’ हे तिचं ब्रह्मवाक्य. कॉलेजात असताना यावर मी मनसोक्त हसून घेतलंय. आणि आज माझ्या लॅपटॉप बॅगच्या पुढच्या कप्प्यात काय आहे? अगदी तेच! फक्त माझ्या पिशवीला पाठीवर अडकवायचे दोन पट्टे आहेत, तिला ‘पॅकेबल डेपॅक’ असं भारदस्त नाव आहे आणि किंमत आईच्या पिशवीच्या दहापट. आई म्हणते, ‘पिशवी ती पिशवीच.’

मला ही उपरती झाली राजगडावर.

तर झालं असं... ऑगस्ट २०२२. आम्ही पाच जण गुंजवण्यातून चोर दरवाजाच्या वाटेनं गडावर गेलो. बालेकिल्ला झाला, पद्मावती माचीवर डबे उघडून झाले, फोटोंचं तर विचारूच नका. आता उतरायचं, तेवढ्यात एका मैत्रिणीच्या सॅकचा खांद्याचा पट्टा मुळापासून उसवला. सुईदोरा? पाच इंजिनीअर-एमबीए-पत्रकारांत एकाकडेही नाही. तिचं सामान आमच्या सॅकमध्ये कोंबलं, तरी थोडं उरलंच. मग कुणाच्या तरी सॅकच्या तळाशी साडीच्या दुकानाची कापडी पिशवी सापडली. ‘चालतंय की’ म्हणत ती मी हातात घेतली.

चोर दरवाजाखालचा कातळटप्पा ज्यांनी पावसात उतरलाय, त्यांना पुढचं सांगायला नको. तिथे रेलिंग धरायला दोन्ही हात लागतात. माझा एक हात पिशवीच्या बंदात अडकलेला. पाय सटकला आणि मी बसल्या बसल्या चार-पाच फूट खाली! गुडघा फुटला, पिशवी सुटली आणि मैत्रिणीची पाण्याची बाटली, डबा आणि स्कूटीची किल्ली दरीच्या दिशेनं रवाना. मागून उतरणाऱ्या एका गावकरी दादांनी दंडाला धरून मला उभं केलं. ‘ताई, गड उतरताना हातात काय ठेवू नये,’ एवढंच म्हणाले.

घरी आल्यावर मी तेच केलं, जे आपली पिढी करते. एक्सेल शीट. सॅकमध्ये पडून राहील अशी, मुठीत मावणारी, ऐन वेळी उघडली की पाठीवर टाकता येईल अशी बॅग शोधायची. पहिला कॉलम अर्थातच वजनाचा. सत्तर ग्रॅम! म्हणजे एका मध्यम कांद्याएवढी! रात्री दोन वाजता मी ‘डेनिअर’ वाचत बसले होते. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. शाळेच्या दप्तराचं कापड सहाशेच्या आसपास असतं, या हलक्या बॅगांचं पंधरा ते तीस-चाळीस. मी सगळ्यात हलकी ती उचलली, आणि बॅग आल्यावर चार दिवस ऑफिसमध्ये सगळ्यांना मूठ उघडून दाखवत फिरले.

रविवारी सिंहगडावर तिची प्रॅक्टिकल परीक्षा घेतली. तीन बाटल्या पाणी, जॅकेट, टॉवेल, थोडा खाऊ असा पाचेक किलोचा ऐवज भरून आतकरवाडीतून चढायला सुरुवात केली. अर्ध्या वाटेवर खांद्यांनी संप पुकारला. रिबिनीएवढे पट्टे, आत फोम नाही, त्यामुळे ते सुरीसारखे रुतत होते. बाटली पाठीच्या मणक्यावर ठोके देत होती. करवंदाच्या काट्यानं कापडाला भोक पाडलं. पाऊस आला तेव्हा कापड कोरडं राहिलं, पण शिवणींमधून पाणी आत. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाताना मी निकाल जाहीर केला : नापास!

दुसरी बॅग घेताना मात्र डोकं वापरलं. वीस लिटरची, वजन पहिलीपेक्षा थोडं जास्त. कापड रिपस्टॉप, म्हणजे ठरावीक अंतरावर जाड धाग्यांची चौकट विणलेलं. काटा घुसला तरी फाटत जाणारी चीर त्या चौकटीपाशी अडते. पट्टे तीन-चार बोटं रुंद. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे आडवी-उभी दुहेरी शिलाई आहे का, हे दुकानात जोरात ओढून पाहिलं. (सेल्समन टरकला होता, पण राजगड त्याला कुठे माहीत होता?) पाठीकडच्या बाजूला टॉवेल घडी करून ठेवला की गादीचं काम होतं. आणि वॉटरप्रूफ वगैरे शब्दांवर विसंबायचं नाही. आत प्लास्टिकची एक पिशवी घालायचीच. अजून एक : पावसाळ्यानंतर ती ओलसर घडी करून कपाटात कोंबू नका. काही बॅगांना आतून पॉलियुरेथेनचा लेप असतो. आपल्याकडच्या दमट हवेत तो चिकट होतो आणि सालपटं निघतात. ऐन वेळेसाठी ठेवलेली बॅग ऐन वेळी उघडलीच नाही, तर काय उपयोग?

इथपर्यंत ही गोष्ट ट्रेकचीच होती. पण ती नापास झालेली बॅग आठवतेय ना? भोकावर टेप लावून ती मी मावशीला देऊन टाकली होती.

मावशी सिंहगड रोडला एकता नगरीत राहते, तळमजल्यावर. काकांना डायबिटीस, चालताना काठी लागते. मावशीनं त्या इम्पोर्टेड कापडाला सरळ भाजीच्या पिशवीचा दर्जा देऊन दारामागच्या खिळ्यावर टांगलं. मी तिला चिडवायचे. तसं तर दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून जपून ठेवण्यावरूनही चिडवायचे.

२५ जुलै २०२४. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी वाढत गेलेलं. पहाटे नदीकाठच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं. आरडाओरड्यानं मावशीला जाग आली तेव्हा लाइट गेलेली आणि पाणी उंबऱ्याशी. तिनं खिळ्यावरची बॅग काढली. फ्रीजमधलं काकांचं इन्सुलिन, गोळ्यांचा डबा, दोघांचे चष्मे, आधार कार्ड आणि पासबुकं, फोन, चार्जर, बिस्किटांचा पुडा... प्रत्येक वस्तू दुधाच्या पिशवीत घालून वर रबरबँड. बॅग पाठीवर टाकली आणि अंधारात, घोट्याएवढ्या पाण्यातून काकांना घेऊन जिना चढली. दुसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी दार उघडलं.

मला फोन लागला तेव्हा नऊ वाजून गेले होते. टीव्हीवर बोटीतून लोकांना बाहेर काढतानाची दृश्यं चालू होती. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

‘अगं, आम्ही ठीक आहोत,’ मावशीच म्हणाली. ‘काकांचं इन्सुलिनही झालं वेळेवर.’

‘मावशी, तू घाबरली नाहीस?’

‘घाबरले ना गं. पण एका हातानं यांना धरायचं, दुसऱ्या हातानं कठडा. सामानाला तिसरा हात कुठून आणू? बरं झालं, तुझी ती पिशवी पाठीला होती.’

सिंहगडावर पाच किलोला नापास झालेली बॅग त्या पहाटे दोन किलोला अव्वल नंबरानं पास झाली! माझ्या एक्सेल शीटमध्ये ग्रॅम होते, लिटर होते, डेनिअर होता. ‘हात मोकळे राहतील का?’ आणि ‘पहाटे अंधारात हाताला लागेल का?’ हे दोन कॉलम नव्हते. कपाटातल्या महागड्या बॅगेपेक्षा दारामागच्या खिळ्यावरची साधी बॅग भारी, हे मला मावशीकडून कळलं.

सगळं वाचलं असं नाही. फ्रीज, सोफा, गाद्या गेल्या. त्या येतात परत. पण खालच्या कप्प्यातले अल्बम भिजून एकमेकांना चिकटले. आई आणि मावशीचे लहानपणीचे फोटो, आजोबांचा एकुलता एक हसरा फोटो. ते कुठल्याच मुठीत मावणाऱ्या सॅकमध्ये मावले नसते. आईकडे उरलेले फोटो आता मी रविवारी एकेक करून स्कॅन करतेय.

एक करा. आज घरी गेल्यावर पाच मिनिटं काढा. रिकामी बॅग दाराशी टांगा आणि तिच्यात काय भरायचं याची यादी फ्रीजवर चिकटवा. मावशीनं तर पावसाळ्यात बॅग भरूनच ठेवायला सुरुवात केलीय, इन्सुलिन सोडून. त्यामुळे तिला भाजीसाठी दुसरी पिशवी हवी होती.

मी आणून दिली. तुळशीबागेतून, एक्सेल शीट न करता.