मिशी आणि नाव

‘गोलमाल’ टीव्हीवर लागला की आमच्या घरातली कामं थांबतात. १९७९ सालचा हृषीकेश मुखर्जींचा हा चित्रपट आम्हा दोघांच्याही जन्माआधीचा, पण संवाद तोंडपाठ. ते लिहिले राही मासूम रझांनी. हॉकीचा सामना बघताना साहेबांना दिसलेला रामप्रसाद नोकरी वाचवायला बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो. अमोल पालेकरांची मिशी आणि उत्पल दत्तांचा त्या मिशीवरचा विश्वास, एवढ्या भांडवलावर सगळी धमाल.

याच कथेवर रोहित शेट्टींनी २०१२ साली ‘बोल बच्चन’ काढला. तो आम्ही परवाच्या सुट्टीत मुलांसोबत पाहिला. यात अब्बास अली बुडणाऱ्या मुलाला वाचवायला बंद मंदिराचं कुलूप तोडतो. माणसं जमतात आणि घाबरलेला मित्र त्याचं नाव अभिषेक बच्चन सांगून टाकतो. आम्ही सावरून बसलो. मिशी काढता येते, लावता येते. नावाचं काय? वाटलं, आता हा चित्रपट जुन्याच्याही पुढे जाणार.

कसलं काय! पुढे उडणाऱ्या गाड्या, मारामाऱ्या आणि मोडक्या इंग्रजीवरचे विनोद. अब्बास हे नाव परत येतं, तेही बायकी हावभाव करणाऱ्या खोट्या भावाला चिकटून. खोट्या नावाला मान आणि खऱ्या नावावर हशा.

“अब्बा, त्यानं खरं नाव का नाही सांगितलं?” धाकट्यानं विचारलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

बदलीच्या गावी खोली शोधत होतो तेव्हाची गोष्ट. घरमालकांना आमची मराठी आवडली. चहा झाला, भाडं ठरलं. नाव विचारलं, तेव्हा आम्ही “मास्तर म्हणा” म्हणून हसलो. शाळा उर्दू आहे, हेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अनामत घेऊन गेलो. पावतीवर नाव घालायची वेळ आली आणि खोली एकाएकी त्यांच्या पुतण्याला हवी झाली. पैसे खिशात घालून परत आलो. खोली गेल्यापेक्षा आदल्या दिवशीचं आमचं ते हसणंच जास्त बोचलं.

“भीती वाटली त्याला,” आम्ही मुलाला सांगितलं.

“मुलाला वाचवलं, तरी?”

हा प्रश्न चित्रपटानं विचारायला हवा होता. आमच्याकडेही त्याचं उत्तर नव्हतं.