पहिल्या खेपेची माणसे

आमच्या भाच्याच्या मिशिगनमधील घरात जिन्याखाली एक कोनाडा आहे. एरवी अशा जागी जुने जोडे, छत्र्या, रिकामी खोकी असे काहीबाही पडलेले असते. या कोनाड्यात प्लास्टिकच्या तबकड्या आहेत; निळ्या, केशरी, पारदर्शक, काळ्या काठाच्या, अशा शंभराहून अधिक. २०२३च्या उन्हाळ्यात आम्ही दोघे त्याच्याकडे महिनाभर राहिलो. निघताना त्याच्या आईने बजावलेच होते, "त्या थाळ्यांचं काय वेड घेतलंय त्याने, जरा बघून या." तेव्हा एके दिवशी आम्ही विषय काढला. उत्तर देण्याऐवजी त्याने खालच्या फळीवरून एक झिजलेली तबकडी काढून आमच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "मामा, ही पहिल्या खेपेची आहे."

ज्या स्वरात तो हे बोलला तो स्वर आमच्या परिचयाचा होता. जुन्या ग्रंथांचा संग्राहक दुर्मिळ पुस्तकाची पहिली आवृत्ती दाखवताना असाच आवाज खाली आणतो. फरक इतकाच, की येथे आदराचा विषय होता एक कारखाना, आणि कारखान्यावर माया करणारी माणसे आम्ही त्यापूर्वी पाहिली नव्हती. आमची पहिली प्रतिक्रिया अर्थातच हसण्याची होती.

डिस्क गोल्फ हा खेळ समजायला अवघड नाही. गोल्फमधील काठी आणि चेंडू यांच्या जागी हाताने फेकायची तबकडी, आणि जमिनीतील खळग्याच्या जागी खांबावर बसवलेली, वरून साखळ्या लोंबणारी लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पडली पाहिजे. या खेळाचे मूळ फ्रिस्बीत आहे. फ्रेड मॉरिसन याची 'प्लूटो प्लॅटर' नावाची तबकडी वॅम-ओ कंपनीने १९५७ साली घेतली आणि त्याच वर्षी तिचे 'फ्रिस्बी' असे नामकरण झाले. पुढे याच कंपनीत काम केलेल्या एड हेड्रिक याच्या पुढाकाराने १९७५ साली कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह पार्कमध्ये डिस्क गोल्फचे पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. साखळ्यांची टोपली ही त्याचीच कल्पना. १९७६ साली खेळाडूंची संघटनाही त्यानेच स्थापन केली. २००२ साली तो वारला, तेव्हा त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या तयार करण्यात आल्या. ज्या खेळाच्या आद्य पुरुषाने आपल्या अस्थींसाठी नदीऐवजी साचा पसंत केला, त्या खेळाच्या चाहत्यांकडून प्लास्टिककडे तटस्थपणे पाहण्याची अपेक्षा करणे व्यर्थच म्हटले पाहिजे.

दुसरेही एक कारण आहे. या खेळात खेळाडू आणि हवा यांच्या मध्ये तबकडीखेरीज काहीही नसते. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस याने काठाला उतार दिलेली तबकडी घडवली, त्याच सुमारास 'इनोव्हा' ही कंपनी उभी राहिली, आणि मुलांच्या खेळण्याचे खऱ्या अर्थाने साधन झाले. तेव्हापासून लांब पल्ल्याची, मधल्या पल्ल्याची आणि टोपलीजवळ वापरायची अशी तबकड्यांची कुळे वाढत गेली. नियम कडक आहेत. व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅम आणि एकूण २०० ग्रॅम यांहून अधिक वजन चालत नाही. संघटनेच्या मान्यतेशिवाय नवी तबकडी स्पर्धेत उतरू शकत नाही. पण नियमांच्या या चौकटीत काठाची एखाद्या मिलिमीटरची उंची किंवा मध्याचा किंचित फुगवटा उड्डाण बदलून टाकतो. साचा एकच असला तरी प्लास्टिकचे मिश्रण किंवा थंड होण्याचा वेग बदलला, की दोन खेपांतील तबकड्या सख्ख्या बहिणींसारख्या दिसूनही निराळ्या स्वभावाच्या निघतात. म्हणून खेळाडू खेप लक्षात ठेवतो. आम्ही ज्याला वेड समजत होतो त्यात बरेचसे ज्ञान होते, एवढे आम्हांला मान्य करावे लागले.

आमच्या हातातली तबकडी 'आयन' नावाची होती. एमव्हीपी या मिशिगनमधील कंपनीने २०१० साली आणलेले हे पहिले उत्पादन. कंपनी रिचर्डसन नावाच्या दोन भावांची. त्यांची कल्पना अशी, की तबकडीचा मधला भाग एका प्लास्टिकचा आणि काठ दुसऱ्या, अधिक जड प्लास्टिकचा करायचा. वजन काठाकडे सरकले की गिरकी अधिक काळ टिकते. भोवरा फिरवलेल्या कोणालाही हे तत्त्व समजेल. नावेही त्या वळणाचीच आली: आयन, अ‍ॅनोड, टेन्सर, व्होल्ट. पुढे त्यांनी 'अ‍ॅक्झिअम' ही दुसरी मुद्रा काढली तेव्हा पदार्थविज्ञान सोडून ते मनोविकारांकडे वळले: एन्व्ही, क्रेव्ह, रॅथ. मत्सर, लालसा, क्रोध! षड्रिपूंना पिशवीत घालून हिंडणारा हा खेळ पाहून आम्हां मराठीच्या शिक्षकांना गंमत वाटली, हे नमूद केलेच पाहिजे.

भाचा २००९च्या ऑगस्टमध्ये शिकायला तिकडे गेला. पहिला हिवाळा त्याने कसा काढला हे तो कधी बोलला नव्हता. त्या दिवशी प्रथमच बोलला. बर्फ वितळल्यावर एका सहाध्यायाने त्याला जवळच्या उद्यानातील मैदानावर नेले. तेथे वीसवीस वर्षे खेळणारी मंडळी होती. प्रत्येक झाड त्यांच्या ओळखीचे, प्रत्येक तबकडीची कुळकथा त्यांना पाठ. याला फेकता येत नव्हते, त्यांचे विनोद समजत नव्हते, आणि मते तर नव्हतीच. तो मागे उभा राही आणि झुडपात गेलेल्या तबकड्या शोधून देई.

आणि त्या वर्षी ही नवी कंपनी आली. मैदानावर एकच चर्चा सुरू झाली. काहींनी हात लावण्यापूर्वीच निकाल दिला: दोन रंगांची करामत आहे, वर्षभरात गाशा गुंडाळतील. काही जण तितक्याच तत्परतेने भक्त झाले; आपल्याच राज्यातली मुले, काहीतरी नवे करताहेत, एवढे त्यांना पुरेसे होते. तिसरा गट संशयात्म्यांचा. काठ मधूनच सुटला तर? थंडीत दोन प्लास्टिके निरनिराळी आकसली तर? खरे तर कोणालाच काही ठाऊक नव्हते.

"आणि मामी, तेच तर होतं," भाचा म्हणाला. "त्या एका तबकडीबाबत ते सगळे माझ्याइतकेच नवे होते. मला कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं, तुला काय वाटतं?"

पंधराएक डॉलर मोजून त्याने 'आयन' घेतली. त्या दिवसांत ती रक्कम त्याला लहान नव्हती. हाताला कशी लागते, साखळीवर आदळल्यावर कशी पडते, हे तो सांगू लागला आणि जुनी मंडळी ऐकू लागली. त्याच्या या सांगण्याने आमचे हसू मावळले. नव्या कंपनीच्या स्वागतात जो उत्साह उसळतो, त्याला आपण जाहिरातीचा परिणाम म्हणून बाजूला सारतो. ते सर्वस्वी खोटे नाही. पण त्यात आणखीही काही असते. प्रत्येक स्थिरावलेल्या क्षेत्रात ज्येष्ठतेची उतरंड असते. नवे काही आले, की ती घटकाभर मोडते. ज्याचा इतिहासच नाही त्याच्याविषयी कोणाला अधिकारवाणीने बोलता येत नाही. उशिरा आलेल्या माणसाला आरंभापासून हजर राहण्याची संधी तेवढीच मिळते.

अर्थात प्रत्येक आगमन असे नसते. २०१३ साली जॉर्जिया राज्यातील 'प्रॉडिजी' ही कंपनी बाजारात उतरली ती विल शुस्टरिकसारखे नामवंत खेळाडू हाताशी घेऊनच. तबकड्यांना नावे न देता त्यांनी डी१, एम१, पीए१ अशी अक्षरे आणि आकडे दिले. पद्धत सुटसुटीत होती, तबकड्याही चांगल्या होत्या, असे भाचा म्हणतो. त्याच्या पिशवीत त्यांपैकी दोन आजही आहेत. पण त्या वेळी मैदानावर चर्चा झाली ती 'कोण कोणाला सोडून गेले' याची. तबकडीवरचे मत त्या खेळाडूंनी चाहत्यांच्या आधीच देऊन टाकले होते. नव्या लेखकाचे पुस्तक चार मान्यवरांच्या प्रस्तावना घेऊन येते तेव्हा वाचकाचे जे होते, तेच येथे झाले असावे. पुस्तक चांगले असू शकते. वाचकाला मात्र त्यात शोधण्यासारखे फारसे उरलेले नसते.

येथे आम्हांला आमच्याविषयी काही सांगणे भाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने त्याचा पहिला कवितासंग्रह आम्हांला टपालाने पाठवला होता. पदरमोड करून छापलेला, कागद सुमार, मुखपृष्ठ त्याच्या मित्राने काढलेले. सोबत चार ओळींचे पत्र: कसा वाटला ते कळवावे. आम्ही तो चाळला. काही कविता आम्हांला धरून ठेवणाऱ्या वाटल्या. पण आम्ही काही कळवले नाही. कारण साधे होते आणि लाजिरवाणे होते. त्याच्याविषयी अद्याप कोणीच काही म्हटले नव्हते. आमचे मत चुकले तर? पुढचा संग्रह येऊ दे, मग दोन्हींवर मिळून लिहू, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. तो आम्हांला समीक्षकाचा संयमही वाटला. पुढचा संग्रह आला नाही. तो न येण्याचे कारण आम्हीच होतो असे मानणे हा निराळा अहंकार ठरेल. परंतु मैदानावरचा तो पोरगा खिशातले पंधरा डॉलर काढून 'मला असे वाटते' म्हणाला, आणि साहित्य शिकवून पोट भरणाऱ्या आम्हां दोघांना एक पोस्टकार्ड लिहिण्याचे धैर्य झाले नाही, ही गोष्ट त्या कोनाड्यासमोर उभे असताना आम्हांला टोचली.

भाच्याची कथा मात्र येथे संपत नाही. २०२१ साली यूटा राज्यातील ऑग्डेन येथे जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. पॉल मॅकबेथ त्या काळचा सर्वांत मोठा खेळाडू. त्याच वर्षी 'डिस्क्राफ्ट'ने त्याच्याशी दहा वर्षांचा एक कोटी डॉलरचा करार केला होता. अखेरच्या टोपलीपाशी तो एका फेकीने पुढे होता. जेम्स कॉनराड याने २४७ फुटांवरून, म्हणजे सुमारे ७५ मीटरवरून, तबकडी थेट साखळ्यांत घातली, बरोबरी साधली आणि पुढे निर्णायक फेरीत विजेतेपद मिळवले. त्याच्या हातातून सुटलेली ती तबकडी 'एन्व्ही' होती. जिला वर्षभराचे आयुष्य दिले गेले होते, त्याच कंपनीची.

"तेव्हा तू नाचला असशील," आम्ही म्हणालो.

"नाचलो. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळेच म्हणायला लागले, आम्हांला आधीपासून माहीत होतं."

२०२३च्या प्रारंभी जर्मनीचा सायमन लिझॉट, या खेळातील अत्यंत लोकप्रिय माणूस, त्याच कंपनीत आला. नव्या चाहत्यांची रीघ लागली. भाच्याला आनंद झाला, आणि थोडे परकेही वाटले. आता त्या तबकड्यांविषयी बोलायला अधिकारी माणसे होती आणि नवशिक्यांसाठी मागे उभे राहण्याची जागाही होती. जी उतरंड मोडण्याने तो आत आला होता, ती पुन्हा उभी राहिली होती. या खेपेस तो वरच्या पायरीवर होता, एवढेच. एखादा नवा मुलगा दुसऱ्याच कोणत्या अपरिचित कंपनीची तबकडी घेऊन येतो, तेव्हा आपल्या तोंडून पहिले वाक्य काय निघते याकडे तो अलीकडे लक्ष ठेवून असतो, असे तो म्हणाला. ते वाक्य पुष्कळदा 'वर्षभरात गाशा गुंडाळतील' हेच असते.

आम्ही तिघे एका संध्याकाळी मैदानावर गेलो. तीच 'आयन' त्याने फेकली. तिचा काठ दगड-झाडांवर आपटून खरबरीत झाला आहे. पूर्वीसारखी ती शेवटी डावीकडे झुकत नाही, सरळ जाते. तबकडी वापराने अशी बदलते आणि हा बदल खेळाडूंना दोष वाटत नाही. आपल्याकडे लोणचे मुरते तशी ती मुरते. पहिल्या दिवशी जे आवडले होते ते आता तिच्यात नाही, जे आहे ते पहिल्या दिवशी कोणालाच दिसले नसते. "भिंतीवर का नाही लावत?" असे आम्ही विचारले तेव्हा तो म्हणाला, "मग ती उडणार कशी?" आमच्या फेकी वीस पावलांपुढे गेल्या नाहीत, त्यांतील एक झुडपात शिरली. ती शोधून आणायला तोच गेला.

परत आल्यावर आम्ही तो कवितासंग्रह शोधला. मागच्या फळीवर, दोन जाड ग्रंथांच्या मध्ये दबलेला होता. या वेळी सबंध वाचला. ज्या कविता तेव्हा धरून ठेवत होत्या त्यांतील दोन आता सामान्य वाटल्या. तेव्हा डोळ्यांखालून नुसती गेलेली एक आता चांगली वाटली. हे सारे आम्ही एका पत्रात लिहिले आणि पुस्तकातील पत्त्यावर पाठवले. उत्तर आलेले नाही. येईल असे धरून आम्ही ते लिहिलेही नव्हते.