गाडी उचलल्यावर

आम्हा उर्दू शाळेच्या मास्तरांची दौलत म्हणजे हप्त्यावर घेतलेली दुचाकी. ती ठेवल्या जागी दिसली नाही की काळजात धस्स होते. शेजारचा दुकानदार सांगतो, ‘सर, पोलिसांनी उचलली.’ चोरी नाही म्हणून जीव भांड्यात पडतो, आणि चौकीची भीती सुरू होते.

आमच्या मोहल्ल्यात चौकीची पायरी चढणे म्हणजे इज्जत जाणे. म्हणून कोणी ओळखीचा माणूस शोधतो, कोणी पावती न घेताच पैसे देऊन सुटतो. आम्हाला हे पटत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 127 वे कलम स्पष्ट आहे. मनाईच्या जागी उभी केलेली, किंवा दहा तास बेवारस सोडलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी हलवायला लावू शकतो. दंड वेगळा, उचलण्याचा खर्च वेगळा, दोन्ही मालकाचे. ते भरले की हिशेब संपला.

लायसन्स, गाडीची नोंदणी, विमा ही कागदपत्रे दाखवावी लागतात. मोबाईलवर डिजिलॉकरमधली चालतात. गाडी ताब्यात घेताना आरसा, इंडिकेटर, हँडल तपासावे. पावतीवरचा आकडा वाचावा, मगच पैसे द्यावेत.

पण वाचणार कोण? आमच्या विद्यार्थ्यांचे वडील टेम्पो, रिक्षा चालवतात. मराठी झकास बोलतात, अक्षर समोर आले की गप्प होतात. म्हणून मराठीच्या तासाला आम्ही फळ्यावर दंडाच्या पावतीचा नमुना लिहितो आणि मुलांकडून मोठ्याने वाचून घेतो. हीच मुले उद्या अब्बांबरोबर चौकीत उभी राहणार आहेत.