चित्रकलेने पोट भरते काय?

कोपरगावच्या बाजारपेठेतून जाताना आम्हांस एक खोड आहे. दुकानांच्या पाट्या वाचण्याऐवजी आम्ही त्यांतील अक्षरे पाहत राहतो. ही खोड याच शाळेतील चित्रकलेच्या तासाला लागली. पुढे मुंबईस जाऊन उपयोजित कला शिकण्याचा मनोदय आम्ही घरी सांगितला, तेव्हा वडिलांनी एकच प्रश्न केला, "चित्रे काढून पोट भरते काय?" प्रश्न रागाचा नव्हता, काळजीचा होता. आजही पुष्कळ पालक तोच विचारतात; म्हणून हा लेखनप्रपंच.

सुंदर चित्र काढणे एवढीच ही विद्या नव्हे. सांगावयाचे ते पाहणाऱ्यास चटकन व अचूक कळावे, अशी अक्षरांची, चित्रांची व रंगांची योजना करणे, हे तिचे खरे काम होय. औषधाच्या बाटलीवरील सूचना वृद्ध माणसास वाचता आली नाही, तर ती चूक जिवावर बेतू शकते.

मुंबईचे सर जे. जे. कला विद्यालय १८५७ साली निघाले. तेथे १९३५ मध्ये या विषयाची शाखा सुरू झाली व १९६१ मध्ये तिची स्वतंत्र संस्था झाली. बारावीनंतर पदवीस चार वर्षे लागतात. आरंभी आम्ही एकच 'क' दिवसचे दिवस गिरवीत असू. बोरू तिरपा धरला म्हणजे रेघ कोठे जाड व कोठे बारीक होते, हे हातास कळावे लागते. मग मुद्रण, छायाचित्रण, जाहिरात हे विषय येतात.

या मार्गाने थोर झालेली माणसे आपल्यातीलच आहेत. जावजी दादाजी यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केले. त्यांनीच १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला व सुबक देवनागरी टाइपाबद्दल नाव मिळविले. जे. जे. मध्ये शिकलेले र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी 'मंगल' हा देवनागरी टाइप घडविला. आज असंख्य मराठी माणसे नकळत त्यांचीच अक्षरे वाचीत असतात.

वृत्तपत्रे, प्रकाशनसंस्था, जाहिरातसंस्था, चलच्चित्रे, मोबाइलच्या पडद्यावरील मांडणी, वेष्टने, कलाशिक्षकाचे काम, अशा अनेक ठिकाणी या विद्येस मागणी असते. आपल्या तालुक्यातील साखरेच्या पोत्यावरील छापदेखील कोणा कलावंतानेच योजिलेला असतो.

तथापि केवळ गोड बाजू सांगणे योग्य नव्हे. पहिली काही वर्षे प्राप्ती बेताची असते. फ्लेक्सचे फलक आले तेव्हा हाताने पाट्या रंगविणाऱ्या कित्येक कारागिरांचा धंदा बसला. आता तर संगणक सांगताक्षणी चित्र काढून देतो. म्हणून ज्याचा केवळ हात चालतो, त्याने सावध असावे. कोणास, काय व कशासाठी सांगावयाचे, हा विवेक ज्याच्यापाशी आहे, त्याचे काम सहसा अडत नाही.

विद्यार्थिमित्रहो, आठवीपासूनच एलिमेंटरी व इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्या, रोज एक पान रेखाटा आणि मराठी वाचन सोडू नका. कारण ज्यास शब्द कळत नाही, त्यास अक्षर साधत नाही. पालकांस एवढीच विनंती की, मुलाची वही पाहिल्यावाचून निर्णय देऊ नये. आमच्या वडिलांनी ती रात्री दिव्याखाली चाळली आणि उसाचे पैसे हाती येताच पहिल्या वर्षाची फी भरली. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आमच्या पहिल्या पगाराने दिले.